विजेची गिटार आणि कोंकणचें नृत्य

परकें वाद्य आपल्या संगीतांत शिरूं पाहतें, तेव्हां त्याची पहिली परीक्षा मींडेच्या दारावर होते. व्हायोलिन विलायतेहून आलें आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून दक्षिणेंतील गायकांच्या साथीला बसलें. त्याला कोणी फारसें अडविलें नाहीं. कारण उघड आहे. त्याच्या मानेवर पडदेच नाहींत, बोट जसें घसरेल तसा सूर घसरतो. हार्मोनियमचें दैव निराळें. घरोघरीं, नाटकगृहांत, कीर्तनांत ती पेटी पोंचली. परंतु तिची पट्टी दाबली कीं सूर जागच्या जागीं उभा राहतो, त्याला वांकवितां येत नाहीं. ह्याच आक्षेपावरून १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला दाराबाहेर ठेविलें, आणि पुढें तीसएक वर्षें तो बहिष्कार चालला.

ह्या दोहोंच्या मधोमध गिटार उभी आहे. तिला पडदे आहेत, परंतु ते सतारीच्या पडद्यांसारखे कमानदार नाहींत. सतारीची तार पडद्यावर आडवी ओढली म्हणजे एकाच पडद्यावरून चार-पांच सुरांपर्यंत चढतां येतें. गिटारीची तार तशी ओढली तर फार तर दीड-दोन सुरांचें अंतर सुटतें. शिवाय साध्या लांकडी गिटारीचा नाद लवकर विरतो. मींड अर्ध्या वाटेवर असते आणि सूर संपून जातो. तेव्हां हें वाद्य भारतीय रीतीच्या आलापाला निरुपयोगी, असें कोणी म्हटलें असतें तर तें वावगें ठरलें नसतें. तें चुकीचें ठरविलें तें विजेनें.

विजेची गिटार म्हणजे काय, हें थोडक्यांत समजून घेण्यासारखें आहे. तारा पोलादाच्या असतात. त्यांच्या खालीं एक लोहचुंबक बसविलेला असतो व त्याच्याभोंवतीं तांब्याच्या अत्यंत बारीक तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. पोलादी तार कंप पावली कीं चुंबकाचें क्षेत्र हलतें आणि त्या वेढ्यांत वीज उत्पन्न होते. ही वीज अगदींच क्षीण. ध्वनिवर्धकांतून तिची वाढ करून ती कर्ण्यापर्यंत पोंचविली म्हणजे तिचा नाद होतो. पोकळ लांकडाच्या घुमण्यावर आतां सारी भिस्त राहत नाहीं. अमेरिकेंतील गिब्सन कंपनीनें अशी एक गिटार १९३६ सालीं बाजारांत आणिली, आणि १९३९ सालीं चार्ली ख्रिश्चन नांवाचा एक निग्रो तरुण ती घेऊन बेनी गुडमन ह्यांच्या वाद्यवृंदांत दाखल झाला. तोंवर जॅझच्या वृंदांत गिटारीचें काम म्हणजे मागें बसून ठेका धरणें. तुताऱ्यांच्या व सॅक्सोफोनांच्या गर्दींत तिचा एकेरी सूर ऐकूं येणेंच अशक्य होतें. ख्रिश्चननें तिला पुढें आणून त्यांच्या शेजारीं उभें केलें. १९४२ सालीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं तो क्षयानें वारला. तरी तेवढ्या अडीच-तीन वर्षांत गिटारीला जी वाचा फुटली ती कायमची.

आवाज मोठा झाला, हा विजेचा एक लाभ. दुसरा लाभ असा कीं सूर टिकूं लागला. छेडलेली तार बराच वेळ बोलत राहते, आणि त्या अवधींत वादकाला तिच्यावर कांहीं करतां येतें. पाश्चात्य वादकांनीं ह्या सवडीचा उपयोग आपापल्या परीनें केला. भारतीय कानानें तिचा उपयोग प्रथम कोणी केला, ह्या प्रश्नाचा शोध घेऊं लागलें कीं वाट मुंबईच्या धोबीतलावावर येऊन पोंचते, आणि तेथून गोव्याकडे वळते.

पोर्तुगीज अंमलाखालील गोव्यांत प्रत्येक मोठ्या चर्चला जोडून एक शाळा असे. तेथें मुलांना अक्षरांबरोबर पाश्चात्य स्वरलिपि व व्हायोलिन शिकवीत. उद्देश प्रार्थनासंगीताचा, परिणाम मात्र असा झाला कीं लिहिलेलें संगीत पाहतांक्षणीं वाजविणाऱ्या तरुणांची पिढीमागून पिढी तयार झाली आणि त्यांना गोव्यांत पुरेसें काम मिळेना. ते मुंबईस आले. गांवाच्या नांवानें चालणाऱ्या ‘कूड’ नामक बिऱ्हाडांत राहिले. मूकपटांच्या पडद्याखालीं, संस्थानिकांच्या बँडांत, नाचगृहांत, पुढें बोलपटांच्या स्टुडिओंत त्यांनीं पोट भरलें. १९३५ सालीं लिऑन अ‍ॅबी ह्यांचा अमेरिकन निग्रो वादकांचा वृंद ताजमहाल हॉटेलांत आला, आणि जॅझ म्हणजे काय हें ह्या गोवेकर तरुणांनीं तबकडीवरून नव्हे तर समोर बसून ऐकिलें. लवकरच आंतोनियो झेवियर व्हाझ हा ‘चिक चॉकलेट’ ह्या नांवानें तुतारी फुंकूं लागला. मिकी कोरिया ह्यांच्या वृंदानें ताजच्या नाचगृहांत १९३९ पासून वीसएक वर्षें ठाण मांडलें.

१९५० सालीं मुंबईंत दारूबंदी झाली आणि हॉटेलांतील नाचाला उतरती कळा लागली. वादकांचा ओघ सिनेमाकडे वळला. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, ह्यांच्या १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटांतील गाण्यांनीं घराघरांतील मुलें नाचलीं. त्यांच्या मागें चिक चॉकलेटची तुतारी होती, हें किती जणांच्या लक्षांत आलें असेल? पडद्यावर संगीतदिग्दर्शकाचें नांव ठळक येई. सुरावटींभोंवतीं सारी वाद्यरचना उभी करणारा गोवेकर संयोजक बहुधा अनामिक राही. ह्याच मंडळींपैकीं अँथनी गोन्साल्विस ह्यांनीं १९५८ सालीं सेंट झेवियर्स कॉलेजांत मोठा वाद्यवृंद जमवून राग आणि सिंफनी ह्यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. लता मंगेशकर व मन्ना डे त्यांत गायिले. त्याच वर्षीं डेव्ह ब्रूबेक हे अमेरिकन पियानोवादक मुंबईंत येऊन गेले. मेळाची हवा शहरांत होती, हें सांगण्यास एवढें पुरे.

येथें थोडें विषयांतर करण्यास हरकत नाहीं. वाशीम जिल्ह्यांत पोहरादेवी हें बंजारा समाजाचें तीर्थस्थान आहे. सेवालाल महाराजांची समाधि तेथें असून रामनवमीला दूरदूरच्या तांड्यांतून माणसें लोटतात. नगारा आणि थाळी हीं ह्या समाजाचीं वाद्यें. बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या देश तुडविला त्यांच्याबरोबर हीं वाद्यें चाललीं, आणि आज पोहरादेवीस त्यांच्या वारशाचें जें संग्रहालय उभें आहे, ज्याचें उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्यें झालें, त्याची इमारतही नगाऱ्याच्या आकाराची आहे. नगारा मूळचा वऱ्हाडांतला कीं बाहेरचा, असें तेथें कोणी विचारीत नाहीं. ज्यांच्या खांद्यावरून तो आला त्यांचीं गाणींही त्याच खांद्यावरून आलीं, एवढें लोकांस पुरतें. गोवेकर वादकाची गोष्ट ह्याहून अवघड होती. त्याच्या खांद्यावर वाद्य एका खंडाचें, त्याचें शिक्षण दुसऱ्याच परंपरेचें, आणि कानांत मात्र कोंकणीं मांडो, मुंबईच्या रस्त्यावरचीं हिंदी गाणीं व आकाशवाणीवरील ख्याल. हीं तिन्हीं एका हातांतून कशीं निघावींत?

अमान्सियो डिसिल्वा ह्यांचा जन्म १९ मार्च १९३६ चा. मुंबईंत, एका गोवेकर कुटुंबांत. गिब्सनची ती विजेची गिटार निघाली तेंच हें वर्ष. योगायोगाला फार किंमत देऊं नये, परंतु वाद्य आणि वादक बरोबरीनें वाढले एवढें खरें. तरुणपणीं हॉटेलांतून व क्लबांतून जॅझ वाजवून त्यांनीं उपजीविका केली. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी ह्यांचा त्यांना आश्रय लाभला, आणि महाराणींनीं त्यांना गिब्सन गिटार घेऊन दिली, असें सांगतात. दरबारानें बीनकाराला बीन द्यावी तशीच ही गोष्ट. वाद्य तेवढें नवें. त्यांच्या पुढील रचनांपैकीं एकीचें नांव ‘जयपूर’ आणि दुसरीचें ‘महाराणी’ आहे, ह्यावरून हें ऋण ते विसरले नव्हते हें दिसतें. आयर्लंडच्या पश्चिमेकडील एका प्रदेशाचें नांवही त्यांच्या एका रचनेला आहे. त्यांची पत्नी आयरिश होती.

१९६७ सालीं ते लंडनास गेले. कीर्ति मिळवावी म्हणून नव्हे. मुलगा आजारी होता, त्याच्या उपचारासाठीं हें स्थलांतर झालें. भारतांतील बसलेली घडी मोडून, परक्या शहरांत नव्यानें काम शोधणें त्यांच्या वांट्याला आलें. वेळ मात्र विलक्षण होती. बीटल्स मंडळींनीं १९६५ च्या अखेरीस आपल्या एका गाण्यांत सतार वाजविली होती. १९६७ च्या जूनमध्यें कॅलिफोर्नियांत माँटेरे येथें पंडित रविशंकरांनीं हजारों तरुणांना तासन्‌तास बसवून ठेविलें. विलायतेंत सतारीची लाटच उसळली होती. अशा वेळीं हिंदुस्थानांतून आलेल्या वादकाच्या पेटींतून लोकांना सतार निघावयास हवी होती, आणि ह्या गृहस्थांच्या पेटींतून निघाली अमेरिकन गिटार! बाजाराच्या दृष्टीनें ह्याहून गैरसोयीचें दुसरें काय असणार?

लंडनांत भारतीय संगीत व जॅझ ह्यांच्या मेळाचा एक मोठा प्रयोग तोंवर होऊन चुकला होता. लॅन्सडाउन स्टुडिओचे डेनिस प्रेस्टन ह्यांच्या पुढाकारानें कलकत्त्याचे जॉन मेयर आणि जमेकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट ह्यांनीं १९६६ सालीं ‘इंडो-जॅझ स्वीट’ ही ध्वनिमुद्रिका काढली. पांच वादक जॅझचे, पांच भारतीय पद्धतीचे, अशी ती दुहेरी मांडणी. तबल्यावर मुंबईचे केशव साठे होते, सतारीवर दिवाण मोटिहार, आणि तंबोऱ्यावर चंद्रहास पैगणकर. साठे १९५६ सालींच लंडनास जाऊन राहिले होते. १९६७ सालीं जर्मनींतही त्यांनीं व मोटिहारांनीं स्विस पियानोवादिका इरेन श्वाइत्सर ह्यांच्या मंडळीबरोबर असाच एक प्रयोग ध्वनिमुद्रित केला. युरोपांतील ह्या साऱ्या चळवळींत तबल्याची बाजू ज्यानें वर्षानुवर्षें सांभाळली, त्या मराठी माणसाचें नांव महाराष्ट्रांत आज किती घरीं ठाऊक असेल, कोण जाणे.

मेयर ह्यांची रचना विद्वत्तापूर्ण होती, परंतु तिच्यांत एक अवघडलेपण आहे. लिहिलेला भाग आला कीं सर्व मिळून वाजवितात, मग एक पक्ष थांबतो, दुसरा उपज करतो, मग उलट. दोन वऱ्हाडें एकाच मांडवांत समोरासमोर बसावींत, आदरानें नमस्कार-चमत्कार व्हावेत, आणि पंगती मात्र निरनिराळ्या उठाव्यात, तसा कांहींसा हा प्रकार. मेळ कागदावर पुरा होतो. वाद्यांच्या अंगांत तो थोडाच उतरतो.

डिसिल्वांनीं नेमकें हेंच उलटें केलें. प्रेस्टन ह्यांच्याच देखरेखीखालीं १९६९ सालीं त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तिचें नांव ‘इंटिग्रेशन’, म्हणजे एकीकरण. साथीला डॉन रेंडेलचा सॅक्सोफोन, इयन कारची तुतारी, डेव्ह ग्रीनचा बास, ट्रेव्हर टॉमकिन्सचे ड्रम. पांचही वाद्यें पाश्चात्य. सतार नाहीं, तबला नाहीं, तंबोरा नाहीं. उदबत्तीचा धूर तर मुळींच नाहीं! तरीही ‘गंगा’ ह्या नांवाची पहिली रचना सुरू होते आणि ऐकणाऱ्याला आपण कोठें आहों ह्याची शंका राहत नाहीं. जो मेळ दोन वृंद समोरासमोर बसवून साधावयाचा, तो ह्या माणसानें एका डाव्या हाताच्या चार बोटांत आणून ठेविला होता.

हें त्यांनीं कशानें साधलें, ह्याची थोडी फोड केली पाहिजे. जॅझमधील गिटारवादक सामान्यतः स्वरसंघांच्या वाटेनें चालतो. मागें कॉर्ड बदलत जातात, प्रत्येक कॉर्डाबरोबर त्याचें सुरांचें घर बदलतें, आणि ह्या घरांतून त्या घरांत किती चपळाईनें उडी मारतां येते ह्यांत त्याचें कौशल्य दिसतें. डिसिल्वांना ही विद्या येत होती. वेस माँटगोमेरीसारख्या थोरांचा ठसा त्यांच्या हातावर दिसतो. परंतु त्यांच्या स्वतःच्या रचनांत कॉर्डांची ही धांवपळ बहुतेक थांबते. एक षड्ज धरून ठेवावा, तो मधून मधून मोकळ्या तारेवर वाजवून कानांत जागा ठेवावा, आणि त्याच्या भोंवतीं सुरावट हळूहळू वाढवीत न्यावी, ही त्यांची चाल. तंबोरा नसतांनाही तंबोऱ्याचें काम होतें. वाक्यें आंखूड, एखादा सूर दोनदां-तीनदां छेडून त्याच्याच अवतीभोंवतीं घुटमळणारीं, मग एकाएकीं लांब तान.

मींडेचा प्रश्न उरतोच. सतारीइतकी तार ओढतां येत नाहीं, तेव्हां जेथें ओढतां येईल तेथें ओढावी, जेथें नाहीं तेथें बोट पडद्यांवरून घसरत न्यावें. आणि उजव्या हातानें पुन्हां न छेडतां डाव्या हाताचेंच बोट आपटून किंवा ओढून पुढचा सूर काढावा, म्हणजे कण आणि मुरकी ह्यांचा आभास होतो. हें सर्व विजेच्या गिटारीवरच शक्य आहे, कारण एका छेडीचा नाद तेवढा टिकतो. सतारीची हुबेहूब नक्कल करण्याचा मोह मात्र त्यांनीं कटाक्षानें टाळलेला दिसतो. त्या काळीं गिटारीतून सतारीसारखा झणत्कार काढून देणारीं यंत्रेंही विकत मिळत असत. त्यांच्या वाटेला हे गेले नाहींत. त्यांचा नाद गोल, स्वच्छ आणि जॅझच्याच वळणाचा राहिला. बोलण्याची ढब तेवढी बदलली. परभाषा शुद्ध बोलावी आणि तरी ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याचें गांव कळावें, असें हें वादन आहे.

रागशास्त्राच्या काटेकोर मोजमापानें पाहूं जातां ह्यांत दोष काढतां येतील. वर्ज्य सूर लागतात, वादी-संवादींची मर्यादा राहत नाहीं, लयीचें अंग जॅझचें असल्यामुळें समेचा तो परिचित आनंदही मिळत नाहीं. परंतु हा राग आहे असा डिसिल्वांनीं दावाच केलेला नाहीं. रागाच्या नांवाखालीं चार सूर वाजवून परदेशी श्रोत्यांना दिपविणारे त्या काळीं पुष्कळ होते. त्यांच्यापेक्षां ही वृत्ति अधिक प्रामाणिक म्हटली पाहिजे.

त्याच १९६९ सालीं जो हॅरियट आणि डिसिल्वा ह्यांनीं मिळून ‘हम दोनों’ ही ध्वनिमुद्रिका केली, आणि ह्या सबंध कथेंत सर्वांत सुंदर अशी वस्तु तीच आहे. नांव पाहा. जमेकांत जन्मलेला एक कृष्णवर्णी वादक आणि मुंबईंत वाढलेला एक गोवेकर ख्रिस्ती, दोघेही लंडनांत पाहुणे. आणि मैत्रीला शब्द निवडला तो हिंदी! हॅरियट १९२८ चा, किंग्स्टनच्या अल्फा नांवाच्या आश्रमशाळेंत वाढलेला. तेथें जोगिणी अनाथ मुलांना बँडचें शिक्षण देत. गोव्याच्या चर्चशाळा आणि ही आश्रमशाळा ह्यांच्यामध्यें अर्ध्या पृथ्वीचें अंतर. पण प्रार्थनेसाठीं व शिस्तीसाठीं शिकविलेलें संगीत घेऊन मुलांनीं पुढें नाचगृहें गाजवावीं, हा प्रकार दोन्हीकडे सारखाच घडला. १९५१ सालीं इंग्लंडांत आलेल्या हॅरियटनें १९६० च्या सुमारास लय व स्वरसंघ ह्यांचीं बंधनें सोडून ‘मुक्त’ जॅझ वाजविण्याचें धाडस स्वतंत्रपणें केलें होतें. मेयरच्या दुहेरी वृंदांतही तोच होता. म्हणजे मेळाची अवघडलेली रीति त्यानें आंतून पाहिलेली होती.

‘हम दोनों’मध्यें ती अवघड रीति विरघळून जाते. सॅक्सोफोन आणि गिटार एकच सुरावट मिळून मांडतात, आणि त्यांच्यावर नॉर्मा विन्स्टन ह्यांचा निःशब्द कंठ तरंगतो. शब्द नसल्यामुळें तो कंठ कोणत्याही देशाचा वाटतो. ‘गोव्यासाठीं एक गीत’ अशा अर्थाचें नांव असलेली रचना ह्यांतच आहे. आजारी मुलाच्या नांवाचें एक नृत्यही आहे. ज्याच्यासाठीं देश सोडला त्याच्यासाठीं बापानें केलेली ती आनंदी, उड्या मारणारी चाल आहे, दुःखाचा लवलेशही तिच्यांत नाहीं. हॅरियटचा सूर कापरा, तीक्ष्ण, कधीं रडवेला, डिसिल्वांचा संथ. एक जण हांक मारतो, दुसरा घाई न करतां उत्तर देतो. जुगलबंदी हा शब्द येथें वापरूं नये. जुगलबंदींत थोडी ईर्ष्या असते, ती येथें नाहीं.

ह्या मैत्रीला पुढें आयुष्य लाभलें नाहीं. हॅरियटचे अखेरचे दिवस हलाखींत गेले आणि जानेवारी १९७३ मध्यें, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं, साउथॅम्प्टन येथें तो वारला. ‘हम दोनों’च्या मूळ तबकड्या पुढें इतक्या दुर्मिळ झाल्या कीं संग्राहक त्यांच्यासाठीं भारी किंमती मोजूं लागले. ज्यांनीं त्या वाजविल्या त्यांना त्या किंमतींचा कांहीं उपयोग झाला नाहीं.

१९७२ सालीं ‘कॉस्मिक आय’ ह्या नांवानें डिसिल्वांनीं ‘ड्रीम सीक्वेन्स’ ही मुद्रिका केली. आतां मात्र सतार, तबला, बांसरी हीं गिटारीभोंवतीं जमलीं. तबल्यावर पुन्हां केशव साठेच. स्वप्नाच्या ओघासारखी ही लांबच लांब रचना एका रंगांतून दुसऱ्या रंगांत वाहत जाते. तिच्यांत मोहक जागा आहेत, परंतु काळाच्या आवडीनिवडीचा शेंदूरही तिला थोडा अधिक फांसला गेला आहे. तिच्याहून भरीव काम त्याच सुमारास ध्वनिमुद्रित झालें, तें ‘कोंकण डान्स’. रेंडेलचा सॅक्सोफोन, क्लेम आल्फर्ड नांवाच्या ब्रिटिश वादकाची सतार, साठ्यांचा तबला. एका रचनेचें नांव ‘मुंबईंतील एक रस्ता’ अशा अर्थाचें आहे. गंगा आणि जयपूर हीं नांवें विलायतेंतील ग्राहकालाही परिचित होतीं. कोंकण हें नांव त्याच्यासाठीं नव्हतें. पांच वर्षें परदेशांत काढल्यावर ह्या माणसाच्या मनांत नकाशावरची भव्य स्थळें मागें पडून, घराकडची लाल मातीची वाट पुढें आली असावी. तबल्याच्या ठेक्यावर गिटार येथें ज्या मोकळेपणानें नाचते तसा मोकळेपणा तिला पूर्वीं क्वचितच मिळाला होता.

ही मुद्रिका त्या वेळीं प्रसिद्ध झालीच नाहीं. फीत पडून राहिली.

एव्हांना बाजाराचें चित्र पालटलें होतें. जॉन मक्लॉफ्लिन नांवाचा यॉर्कशरचा गिटारवादक लंडन सोडून अमेरिकेस गेला होता. तेथें श्री चिन्मय ह्यांचा शिष्य होऊन त्यानें ‘महाविष्णु’ हें नांव घेतलें व १९७१ सालीं त्याच नांवाचा वाद्यवृंद काढला. त्याचा बासवादक रिक लेअर्ड हा मेयर-हॅरियट ह्यांच्या १९६६ च्या मुद्रिकेंत वाजविलेला. धागा कसा कोठें निघतो पाहा. मक्लॉफ्लिनची गिटार दुहेरी मानेची, आवाज प्रचंड, ध्वनिवर्धकाच्या अंगांतून सूर मुद्दाम फाडून काढलेला, आणि लय पांच, सात, नऊ, चौदा अशा मात्रांची. जगानें ‘फ्यूजन’ ह्या शब्दाचा अर्थ तेथून घेतला. डिसिल्वांची हळू आवाजांतली गोष्ट त्या गर्जनेपुढें कोणाच्या कानीं पडणार?

पुढची गंमत अशी कीं हाच मक्लॉफ्लिन १९७५ च्या सुमारास विजेची गिटार खालीं ठेवून व्हायोलिनवादक एल. शंकर, घटम्‌वादक विनायकराम आणि मुंबईचे झाकिर हुसेन ह्यांच्यासह ‘शक्ति’ वृंदांत जमिनीवर मांडी घालून बसला. त्यासाठीं त्यानें लांकडी गिटार खास घडवून घेतली. पडद्यांमधील लांकूड कोरून पोकळ केलें, म्हणजे तार सतारीसारखी अधिक ओढतां येते. आणि नादछिद्रावरून तरफांसारख्या सात तारा तिरप्या बसविल्या. वाद्याची मान कापून त्याला भारतीय करण्याचा हा मार्ग. डिसिल्वांनीं वाद्य होतें तसें ठेवून हात बदलला होता. कोणता मार्ग श्रेष्ठ ह्याचा निवाडा ज्याच्या त्याच्या कानावर सोंपवावा. परंतु दुसरा अधिक कठीण, ह्यांत संशय नाहीं. शिवाय, डिसेंबर २००० मध्यें ह्या वृंदाच्या नव्या अवतारानें मुंबईंत जो कार्यक्रम ध्वनिमुद्रित केला, त्यांत मक्लॉफ्लिनच्या हातीं पुन्हां विजेची गिटारच होती! शिवकुमार शर्मांचें संतूर आणि शंकर महादेवनचा कंठ ह्यांच्या शेजारीं ती बसली, आणि सभागृहांत कोणालाही ती परकी वाटली नाहीं. १५ डिसेंबर २०२४ रोजीं झाकिर हुसेन निवर्तले, तेव्हां ह्या साऱ्या इतिहासांतील मुंबईचा सर्वांत मोठा दुवा निखळला.

अमान्सियो डिसिल्वा लंडनांतच राहिले. पुढील काळांत त्यांनीं तेथील एका बहुवंशीय कलाकेंद्रांत संगीत शिकविलें. १७ जुलै १९९६ रोजीं ते त्याच शहरीं वारले. त्यानंतर दहा वर्षांनीं, म्हणजे २००६ सालीं, ‘कोंकण डान्स’ची फीत बाहेर आली आणि प्रथमच विकावयास निघाली. त्या वेळीं केशव साठे हयात होते. त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर वर्षांचें होतें.